कंदी पेढे आणि चार दिवसांचा अबोला

'मुलांना थोडा धाक हवाच' असं कुणीतरी लिहिलंय. धाक वेगळा, अबोला वेगळा. साताऱ्यात आमच्या शेजारच्या मुलाला दहावीला ८९ टक्के पडले. वडिलांनी ९५ धरून कंदी पेढे सांगून ठेवले होते. ते आणलेच नाहीत, वर चार दिवस पोराशी बोलले नाहीत. तो ओट्याला टेकून एकटा जेवायचा. आसॉर, रॉथ आणि डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या २००४ च्या अभ्यासात हेच दिसलं: अटीवरच्या मायेनं मूल राबतं, पण यशाचा आनंद टिकत नाही आणि आईवडिलांबद्दल राग साठतो. आज तो पुण्यात नोकरीला आहे. पगारवाढ झाली की वडिलांना कळवतो. आजारी पडला की फोन आमच्या घरी येतो.