मदत हवी आहे: बुलेटचं इंजिन बांधलं, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) ०.८ मिमीवर लावलं, तरी घाटात दम सोडते

रामराम मंडळी. मी केजचा. बाबांची १९८२ची बुलेट ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (पॉइंट उघडले की ठिणगी पडते), उजव्या पायात गिअर अन् डाव्या पायात ब्रेक. आठ वर्षं शेतातल्या शेडात कडब्याला टेकून उभी होती. दिवाळीनंतर फुल्ल इंजिन काम काढलं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, कनेक्टिंग रॉड नवा, व्हॉल्व्ह नवे, पॉइंट आणि कंडेन्सर नवे. डिस्ट्रीब्यूटर, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात तो डबा, चांगला दिसला म्हणून रॉकेलनं वरवर पुसून तोच परत बसवला.

आता गंमत बघा. दारात गाडी सोन्यासारखी. डी-कॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर घेतला की दुसऱ्या किकला चालू. आयडलिंग असं डुगडुगतं की शेजारचे तात्या खुर्ची टाकून ऐकत बसतात. पण रस्त्यावर नेली की पन्नासच्या पुढं ओढच नाही. बीडहून मांजरसुंब्याकडं चढताना सेकंड गिअरवर आली, मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता. (दोन ट्रॉल्यांचा. अपमान लक्षात घ्या.) थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके, आणि नवा बेंड पाइप दोन दिवसांत हेडपासून वीतभर निळा पडला.

टायमिंग मीच लावलं, म्हणून कसं लावलं ते सविस्तर लिहितो. हेड बसवायच्या आधीच मोजलं, कारण प्लगचं भोक तिरकं असतं, त्यातून काडी घालून मिलिमीटर खरे मिळत नाहीत. व्हर्नियरच्या दांडीनं पिस्टनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पकडला, मग पिस्टन मागं नेऊन परत वर आणत टीडीसीच्या ०.८ मिमी आधी थांबवला. पॉइंट गॅप ०.३५ मिमी. पॉइंटमध्ये पतंगाचा कागद धरला आणि तो सुटेल तिथं डिस्ट्रीब्यूटरची बॉडी आवळली. हेड चढवल्यावर अँपिअर मीटरनं परत तपासलं. इग्निशन चालू, लाइट बंद, पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसला आणि उघडताक्षणी मधोमध. कॉम्प्रेशन स्ट्रोकच होता, दोन्ही पुशरॉड बोटानं मोकळ्या फिरत होत्या.

क्लच घसरत नाही, ब्रेक चिकटून राहत नाही, कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालून बघितला, फरक शून्य. मिस्त्री म्हणतात, नवं पिस्टन आहे, पाचशे किलोमीटर होऊ द्या. मला ते पटत नाही. नवं पिस्टन आवळ चालेल, पण पाइप कशाला निळा करील?

प्रतिसाद १
भाऊ, आकड्याच्या नादी कामून लागता? दोन बोल्ट ढिले करा अन् बॉडी आतला कॅम (पॉइंट उघडतो तो) फिरतो त्याच्या उलट्या दिशेला जराशी ओढा. अ‍ॅडव्हान्स झालं, म्हंजी ठिणगी आधी पडाया लागली, की पळती का नाही बगा. आम्ही परभणीत सगळ्या गाड्या कानावरच लावतो.

धागाकर्ता
केलं. गाडी खरंच पळायला लागली, सत्तर सहज. पण सकाळी किक उलटी आली आणि नडगी सुजली. आयडलिंगही गेलं, तात्यांनी खुर्ची आत नेली. बॉडी परत जुन्या खुणेवर आणलीय.

प्रतिसाद २
नडगीला हळद लावा. पण तुमचं उत्तर त्या लाथेतच आहे. सुरू व्हायला ०.८ बरोबर, पळायला मात्र तेवढ्यावर भागत नाही. हे काम बॉडी फिरवून होत नसतं, त्यासाठी डिस्ट्रीब्यूटरच्या आत ऑटो अ‍ॅडव्हान्स दिलेला आहे.

त्यात दोन छोटी वजनं असतात, ०.८ हा आकडा ती मिटलेली असतानाचा. क्रँकवर ते साधारण नऊ-दहा अंश होतात. इंजिन पळू लागलं की वजनं बाहेर फेकली जातात, कॅमला पुढं ढकलतात, आणि ठिणगी आणखी बरीच आधी पडते. तुमची वजनं अडकलेली दिसतात. मग पन्नासच्या वेगालाही ठिणगी आयडलिंगच्याच जागी. जाळ धरायला वेळ लागतो, तोवर पिस्टन खाली निघालेला असतो, आणि उरलेली आग एक्झॉस्टमधून पाइपात जाते. म्हणून निळा.

कॅम चिमटीत धरून तो फिरतो त्याच दिशेला पिळा. थोडा फिरून स्प्रिंगनं टचकन मागं यायला पाहिजे. आणि बॉडी हलवताना एक ध्यानात ठेवा. डिस्ट्रीब्यूटर क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरतो, म्हणजे बॉडी एक अंश सरकली की क्रँकवर दोन होतात. "जरासं" म्हणता म्हणता नडगी जाते ती अशी.

धागाकर्ता
काका, पाया पडतो. कॅम पिळून बघितला, दगड! पॉइंटची प्लेट काढली तर खाली जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं, दोन्ही वजनं त्यात चिकटून बसलेली. पॉइंट बदलताना मी ही प्लेट हातात धरली होती, खाली डोकावलो नाही. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, पिनांना थेंबभर तेल दिलं, पतंगाचा कागद घेऊन पुन्हा ०.८. काल मांजरसुंब्याचा चढ थर्डवर काढला, फटाके बंद.

एक अडचण उरली. दोनपैकी एक स्प्रिंग ताणलेली आहे. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, थोडं रेंगाळतं. अंबाजोगाईत आणि लातुरात विचारलं, अख्खा डिस्ट्रीब्यूटर घ्या म्हणतात. कुणाकडं जुन्या भंगारातली स्प्रिंगांची जोडी असेल तर कळवा. एकच नको, दोन्ही सारख्या ताणाच्या लागतील.