प्रतिसाद: टीका आणि विश्वास
जाहीर टीकेमुळे संस्थांवरचा लोकांचा विश्वास उडतो, हे मत अनेकदा मांडले जाते, पण ते मला पटत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी, म्हणजे गावासमोर हिशेब तपासणारी जाहीर सभा, घेतली, तेव्हा सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि कामावर न आलेल्यांच्या नावे मजुरी दाखवल्याचे गावकऱ्यांनीच सांगितले. विश्वास आधीच गेलेला होता. त्या वाचनाने तो परत मिळवण्याची वाट दाखवली, असे मला मनापासून वाटते. माहितीच्या हक्कासाठीच्या या चळवळीतून पुढे आलेल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम कार्यालयांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगते. आपल्या ग्रामसभांमध्येही खर्चाच्या नोंदी अशाच, मागणीची वाट न पाहता, वाचल्या जायला हव्यात.