‘यशस्वी एक्सप्लॉइट’ला मराठीत काय म्हणायचं?

खिडकीपाशी :
सायबर सुरक्षेचा एक रिपोर्ट मराठीत लिहितेय आणि ‘एक्सप्लॉइट’पाशी (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा फायदा घेणारा कोड) गाडी अडलीये. कोशात बघितलं तर शोषण, गैरफायदा, पराक्रम. ‘सर्व्हरचं शोषण झालं’ असं लिहिलं तर लोक मोर्चा काढतील. बरं, शब्द तसाच ठेवला तरी ‘यशस्वी’ कधी म्हणायचं हा घोळ आहेच. मागे एकदा लॉगमध्ये हल्लेखोराच्या रिक्वेस्टसमोर २०० (‘रिक्वेस्ट ठीक पार पडली’ असा वेब सर्व्हरचा कोड) दिसलं आणि मी ‘हल्ला यशस्वी’ लिहून मोकळी झाले, सगळ्यांची रात्र त्यात गेली, आणि निघालं काय तर ती साइट ‘पान सापडलं नाही’ हे पानसुद्धा २०० म्हणूनच पाठवत होती.

जुनाकोश :
गंमत अशी की हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘एस्प्लॉइट’वरून आलाय आणि त्याचा अर्थच यश, निष्पत्ती असा होता. म्हणजे व्युत्पत्तीने बघितलं तर ‘यशस्वी एक्सप्लॉइट’ म्हणजे पिवळं पीतांबर! पण सिक्युरिटीत तो हत्याराचं नाव झालाय, आणि हत्यार असणं, ते चालवणं नि ते लागणं या तिन्हीला लोक तोच शब्द वापरतात, घोळ तिथेच आहे. ‘प्रताप’ सुचवणार होतो, ‘काय प्रताप केलेत’ मधला, पण रिपोर्टला नाही शोभायचा.

लॉगवाचक :
मेटास्प्लॉइट (एक्सप्लॉइट चालवायचं टूल) वापरलंय त्यांना ती ओळ पाठ असेल, ‘एक्सप्लॉइट कम्प्लीटेड, बट नो सेशन वॉज क्रिएटेड’. बाण सुटला, हातात काही नाही. त्यामुळे २०० हा पुरावाच नव्हे, उत्तरात काय परत गेलं ते बघायचं. लायनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून ‘आयडी’ कमांड चालवली की यूआयडी शून्य, कंसात रूट असं येतं, ते बाहेर जाताना दिसलं तर पोटात गोळा यायला हवा. त्यावर स्नॉर्टचा (नेटवर्कवरचे हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) जुना रूलच आहे, फक्त कोणी ती ओळ छापलेलं ट्युटोरियल उघडलं तरी तो बोंब मारतो (मी इथे देवनागरीत लिहिलंय म्हणून वाचलो). तसंच डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलच्या (जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीतली त्रुटी) वेळी. डीएनएस लुकअप (नावावरून पत्ता विचारणं) बाहेर गेला की लोक ‘गेलो, गेलो’ करत होते, पण त्यातून एवढंच कळतं की कोणीतरी हल्लेखोराने पाठवलेली स्ट्रिंग उलगडून नाव शोधलं, आणि तो कोणीतरी एखादा स्कॅनरही असू शकतो. बाहेरचा कोड आत चालला का हा प्रश्न तसाच राहतो.

खिडकीपाशी :
म्हणजे शेल (समोरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) मिळालं तरच यशस्वी?

लॉगवाचक :
नाही ना! २०१४ चं हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधली त्रुटी) आठव. शेल नाही, क्रॅश नाही, साध्या लॉगमध्ये ओरखडा नाही, आणि दर रिक्वेस्टला मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर. त्यात कधी कचरा, कधी पासवर्ड, कधी सर्व्हरची एन्क्रिप्शनची खासगी किल्ली. उलट ब्लूकीपमध्ये (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी) नेम जरा चुकला की विंडोज निळ्या स्क्रीनवर क्रॅश व्हायची. आत घुसायचं असेल तर डाव फसला, मशीन बंद पाडायचं असेल तर साधला.

जुनाकोश :
मग शब्द आपल्याकडेच आहे की, ‘वर्म’! व्हल्नरेबिलिटी म्हणजे वर्म, एक्सप्लॉइट चालवणं म्हणजे वार, आणि वार वर्मी लागला म्हणजे यशस्वी. ‘असुरक्षितता’ या लांबलचक शब्दापेक्षा कितीतरी बरा, आणि वार होणं नि लागणं आपण मुळातच वेगळं बोलतो.

पॅचवाला :
वर्म आवडलं, पण देवनागरीत वॉर्म व्हायरसच्या शेजारी वाचताना धांदल उडेल. अजून एक, सीसाची (अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था) केईव्ही म्हणजे ‘एक्सप्लॉइट झालेल्या त्रुटीं’ची यादी आहे ना, २०२१ पासूनची, तिथे ‘एक्सप्लॉइटेड’मध्ये फसलेला प्रयत्नही धरतात, हनीपॉटवर (हल्लेखोरांसाठी मुद्दाम लावलेलं आमिष) आपटलेला वारसुद्धा. नुसता पीओसी (त्रुटी वापरता येते हे दाखवणारा नमुना कोड) प्रसिद्ध झालाय एवढ्यावर मात्र नाव चढत नाही. म्हणजे तिथलं वाक्य उचलून ‘यशस्वी’ असं भाषांतर केलंस तर चूक होईल.

खिडकीपाशी :
केलंय की! दोन ठिकाणी. बदलते. आणि त्या २०० वाल्या प्रकाराला आता लिहिलंय, ‘वार झाला, वर्मी लागल्याचा पुरावा नाही, डेटा बाहेर गेलेला दिसत नाही’. साहेबांनी ‘वर्मी’खाली लाल रेघ मारून टायपो विचारलाय.