श्रद्धा सांगणं कुठे संपतं आणि धर्मप्रसार कुठे सुरू होतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी चालणाऱ्या एका आधारगटाचं काम मी पाहते. वेगवेगळ्या धर्मांचे लोक येतात, देव न मानणारेही येतात. मृत्यूबद्दल बोलायचं म्हटलं की श्रद्धा येणारच, आणि ती यावी असंच मला वाटतं. "प्रार्थनेमुळे मी तगलो" असं कुणी सांगत असेल तर त्याला गप्प कसं करणार?

पण एक सदस्य बैठक संपली की नव्या माणसांना गाठतात. आधी विचारपूस, मग पुस्तिका, मग रोज फोन. मुलगा गेलेल्या एका आईला ते म्हणाले, "आमच्या मार्गाला लागलात तरच त्याला शांती मिळेल." त्या बाई यायच्याच थांबल्या. मला हे फार लागलं आहे.

गटासाठी नियम लिहायचा म्हणून थोडं वाचलं. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 18 वं कलम श्रद्धा बाळगण्याचं, बदलण्याचं आणि प्रकट करण्याचं स्वातंत्र्य देतं. खरा उपयोग झाला तो ‘कोकिनाकिस विरुद्ध ग्रीस’ या 1993 च्या निकालाचा. घरी जाऊन धर्माविषयी बोलल्याबद्दल ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या एका माणसाला ग्रीसमध्ये शिक्षा झाली होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती चुकीची ठरवली. मात्र श्रद्धेची साक्ष देणं वेगळं आणि अनुचित धर्मप्रसार वेगळा, हेही त्याच निकालात आहे. लाभाचं आमिष दाखवणं किंवा संकटातल्या, गरजू माणसावर दडपण आणणं हे अनुचित. आमच्याकडे तर संकटातलीच माणसं येतात!

माझा कल असा: स्वतःचा अनुभव मोकळेपणी सांगावा, समोरच्याने काय मानावं हे त्याने विचारल्याशिवाय सांगू नये, आणि गेलेल्या माणसाच्या गतीची भीती तर कधीच घालू नये. शेवटच्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

अडतंय ते इथे. त्या सदस्यांशी बोलले, तर ते कळवळून म्हणाले, "बुडणाऱ्याला दोर टाकायचा नाही का?" त्यांचा हेतू खोटा नाही. शिवाय "नको म्हटलं की थांबा" एवढा नियम पुरत नाही, कारण शोकात माणसाला नको म्हणायचंही त्राण नसतं.

अशा गटांत काम केलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या धर्मात प्रसार हे कर्तव्य मानतात त्यांनी, कृपया सांगावं: बैठकीबाहेरच्या फोन-भेटींनाही नियम लावावा का? आणि त्यांची श्रद्धा न दुखावता हे त्यांना कसं सांगावं?