ड्रेस्डेन: चिप टंचाईतली 2022 ची सेकंडहँड गाडी घेऊ का?

कोथरूड_ते_एल्ब: मंडळी, मार्चपासून जर्मनीत ड्रेस्डेनला फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) नोकरी लागलीये. बजेट 14 हजार युरो, वर एक सेंट नाही. 2022 ची एक गाडी आवडलीये पण चिप टंचाईच्या काळातली, म्हणून रिव्हर्स कॅमेरा नाही आणि चावी एकच. घेऊ का?

रामभाऊ_स्टुटगार्ट: अजिबात नको. मी तेव्हा नवी बुक केली, 11 महिने थांबलो आणि आली ती एका चावीवर. दुसरी पोस्टाने येणार होती, अजून येतेय. 25 हजारात मस्त इलेक्ट्रिक मिळते बघ.

मिसळ_म्युनिक: काका बजेट वाचलंत का? आणि टंचाई गाडीवाल्यांनीच ओढवून घेतली, 2020 ला घाबरून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, तेवढ्यात लॅपटॉप-फोनवाल्यांनी ती जागा पकडली मग हे बसले बोंबलत. बीएमडब्ल्यूने तर 2021 ला काही मॉडेल टचस्क्रीनशिवाय विकली.

चाकणकर: फोनच्या चिपचा गाडीशी काय संबंध, उगाच काहीही

मिसळ_म्युनिक: फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना? तसले सेन्सर बॉश रॉयटलिंगेनला बनवते, फोनसाठी पण आणि गाडीसाठी पण.

आयंडहोवनची_सून: नवी घेणाऱ्यांनीही हसू नये. ऑक्टोबर 2025 ला नेक्सपेरियाचं, त्या चिनी मालकीच्या डच चिप कंपनीचं काय झालं? वेफर (ज्या चकत्यांवर चिप बनतात त्या) हॅम्बुर्गचे, चिप कापून आवरणात बसवायचं काम बरंचसं चीनमध्ये, डच सरकारने सूत्रं हातात घेतली, चीनने निर्यात अडवली आणि सेंटभर किमतीच्या भागांपायी होंडाचा मेक्सिकोतला कारखाना काही काळ बंद! मी गाडी विकून सायकल घेतली, सुखी आहे.

चाकणकर: मग ड्रेस्डेनला 10 अब्ज युरोची तैवानी फॅब कशाला? 28 नॅनोमीटर म्हणजे जुन्या तंत्राच्या चिप, जुनाट माल

कोथरूड_ते_एल्ब: दादा, 28/22 आणि 16/12 नॅनोमीटर आहे, गाड्यांना तेच लागतं. हिस्सा तैवानच्या टीएसएमसीचा 70 टक्के, बॉश, इन्फिनिऑन, एनएक्सपी 10-10. उत्पादन 2027 अखेर ठरलंय. पण मला गाडीचं सांगा ना!

रामभाऊ_स्टुटगार्ट: तेच सांगतोय, 25 हजार.

नॉयश्टाटची_ताई: कॅमेरा बाहेरून बसवता येतो. चावी मात्र करारात लिहून घे, तोंडी नको, आणि ट्यूव्हला (गाडीच्या सक्तीच्या तपासणीला) किती महिने उरलेत ते बघ. फॅब सगळ्या उत्तरेला, विमानतळाच्या बाजूला, ट्राम जाते रे. रात्रपाळी नसेल तर गाडीच कशाला?

आयंडहोवनची_सून: +1 सायकल

कोथरूड_ते_एल्ब: घेतली! तीच. चावीऐवजी 600 युरो कमी करून घेतले, 13,400 ला पडली. बायको म्हणते एकच असू दे, ती माझ्याकडे राहील.

रामभाऊ_स्टुटगार्ट: पस्तावशील. रंग कुठला?