आल्फ कॉमनचे हजार पौंड गेले कुणाच्या खिशात?

जिन्सीची_आई:
मंडळी, मुलगा सतराचा, फुटबॉल खेळतो, डाव्या पायाचा विंगर. जुन्या क्लबात वर्षभर नुसता बाकावर बसतोय. दुसऱ्या क्लबाने बोलावलंय, पण एनओसी मागितली की "सोमवारी या". असे सहा सोमवार झाले. बूट बाल्कनीत कुरडयांशेजारी वाळतायत. काल चिडून म्हणाला, "1905 साली इंग्लंडच्या आल्फ कॉमनला क्लब बदलताना हजार पौंड मिळाले, मला साधा कागद मिळेना!" खरंच मिळाले होते का हो त्याला?

खातेवही_काका:
ताई, ते क्लबाला मिळाले. जन्मभर लोकांच्या वह्या तपासल्या, म्हणून आधी जमाखर्च.

कॉमन 1880 चा, संडरलंडचाच. तिथून शेफील्ड युनायटेडला गेला आणि 1902 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात गोल केला. (सामना बरोबरीत सुटला, कप मिळाला तो फेरसामन्यात.) 1904 मध्ये घरी, संडरलंड क्लबात परतला, आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1905 मध्ये, संडरलंडने त्याला मिडल्सब्रोला दिलं. अंतर म्हणाल तर इंदूरहून देवासच्या जरा पुढे. एवढ्यासाठी हजार पौंड! तोवर एवढी किंमत कुणीच मोजली नव्हती. पेपरवाले खवळले, माणसांचा बाजार मांडलाय म्हणाले.

आता त्याची बाजू. 1901 पासून पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला 4 पौंड. करारावर सही केली की बक्षीस जास्तीत जास्त 10. म्हणजे त्याची किंमत 250 आठवड्यांच्या पगाराएवढी! टेबलाखालून काही गेलं का, ते वहीत दिसत नाही. पण पुढे बेकायदा पैसे वाटल्याबद्दल मिडल्सब्रोलाच 250 पौंड दंड झाला, बहुतेक डायरेक्टरही निलंबित झाले.

पैसे मात्र वसूल झाले. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायच्या बेतात होता. नव्या शर्टात पहिलाच सामना, तोही जुन्या क्लबाच्या, शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर. कॉमनने पेनल्टी मारली, 1-0. परक्या मैदानावर मिडल्सब्रो जवळजवळ दोन वर्षांनी जिंकलं, आणि हंगामाअखेर वाचलंही.

1910 ला वुलिच आर्सेनल, 1912 ला प्रेस्टन. तेव्हा भाव 250 पौंड. शेवटी डार्लिंग्टनला पब चालवला.

तुमच्या मुलाचं दुखणं तेव्हाही होतं. नोंदणी क्लबाच्या हातात, करार संपला तरी. क्लबाने सोडलं नाही तर लीगमधला दुसरा क्लब घेऊच शकत नसे.

पोहे_दोनदा:
काका, आपल्याकडे उलटं होतं की. होळकर महाराजांनी सी. के. नायडूंना 1923 मध्ये इंदूरला आणलं ते फौजेत कॅप्टन करून.

खातेवही_काका:
अरे, तिथे पैसे खेळाडूच्या हातात पडत, भले हजेरीपट फौजेचा असो. पण दरबाराची मर्जी फिरली तर दाद कुणाकडे मागणार? कॉमनच्या काळातल्या खेळाडूंनी निदान 1907 मध्ये मँचेस्टरला युनियन काढली. ताई, आधी फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदवहीत, मुलाचं नाव कुठल्या क्लबाखाली आहे ते बघा, मग लेखी अर्ज द्या. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.

जिन्सीची_आई:
बघितलं काका. जुन्याच क्लबाखाली आहे. अर्ज लिहिलाय, दोन प्रती. या सोमवारी मी जातेय सोबत, डबा घेऊन.