घर रिकामं करायचंय: सातशे पुस्तकं न्यायची की ई-रीडर पुरे?

लालबागवाली:
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये. दिवाळीनंतर खोल्या खाली करायच्यात आणि नवीन घर मिळेपर्यंत तीन वर्षं तरी बदलापूरला भाड्याने राहायचंय. आमची खोली १८० चौरस फुटांची, त्यात चार माणसं आणि सातशेच्या आसपास पुस्तकं, परवा बसून मोजली. पोटमाळ्यावर, कॉटखाली, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, फ्रिजच्या डोक्यावरसुद्धा. निम्मी सासऱ्यांची, ते गिरणीत होते, पगार झाला की एक पुस्तक घरी यायचंच. बाकीची माझी.

मागच्या वर्षी भावाने ई-रीडर दिला आणि खरं सांगते, बंद पडलेलं माझं वाचन त्यावरच परत सुरू झालं. करी रोडहून विक्रोळीला जाताना एक हात हँडलला असतो, दुसऱ्या हातात जाड पुस्तक उघडं धरून ठेवताच येत नाही, आणि हे दोनशे ग्रॅमच्या आसपासचं यंत्र, अंगठा टेकवला की पान उलटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी दरवर्षी वाचते, यंदा पहिल्यांदा सगळं ट्रेनमध्ये वाचून झालं. तेही फुकट आणि कायदेशीर, कारण लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो.

म्हणून माझं असं ठरत आलंय की चाळीस पुस्तकं ठेवायची, बाकीची वाचनालयाला नाहीतर ज्याला हवी त्याला द्यायची. घरात यावरून रोज वाद आहेत. तुम्ही काय केलं असतं ते सांगा, आणि तुमचं एखादं लाडकं पुस्तक कागदावरच हवं असं वाटत असेल तर का वाटतं तेही.

किंग्जसर्कल_फुटपाथ:
ताई, माझा सरळ विरोध. विकत घेतलेलं पुस्तक तुमचं असतं, ई-बुकच्या बाबतीत तुम्ही फक्त वाचायच्या परवानगीचे पैसे भरता. २००९ मध्ये काय झालं बघा. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' ची एक आवृत्ती अॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून (त्यांच्याच ई-रीडरमधून) परस्पर काढून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण एका मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या नोंदी निरुपयोगी झाल्या आणि तो कोर्टात गेला. २०१९ ला मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली, पैसे तेवढे परत. फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही अॅमेझॉनने काढली. उद्या तुमचं अकाउंट कुठल्या कारणाने बंद झालं तर दाद कुणाकडे मागणार?

आणि मी जे वाचतो त्यातलं निम्मं मला माटुंग्याला, महेश्वरी उद्यानाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालंय. माझं सगळ्यात लाडकं एक जुनं प्रवासवर्णन आहे, त्यात आधीच्या मालकाने पेन्सिलीने लेखकाशी भांडण केलंय, पान पान भरून. लेखक लिहितो की इथे पोहोचायला सहा तास लागले, समासात लिहिलंय 'मला नऊ लागले'. मी ते पुस्तक दोघांचं म्हणून वाचतो. असं पुस्तक कुठून डाउनलोड करणार?

कालिना_तळमजला:
मी ताईंच्या बाजूने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईत कुणाला सांगावा लागत नाही. आम्ही तळमजल्यावर, पाणी छातीपर्यंत. तिसऱ्या दिवशी पुस्तकांचं कपाट उघडायला गेलो तर उघडेना, पुस्तकं फुगून आतून दाराला दाबून बसली होती. फळी तोडावी लागली. गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर अशी चिकटली की वीट झाली त्यांची. बाबांनी स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक विकत घेतलं नाही. तेव्हा कागद कायम तुमचाच असतो असं मला कुणी सांगू नका.

दुसरं म्हणजे आई. ७८ वर्षांची आहे, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. छापील पुस्तक भिंगाने वाचायची, दोन पानांत डोकं धरायची. ई-रीडरवर अक्षर इतकं मोठं केलंय की एका पानावर जेमतेम आठ ओळी येतात, पण ती दुपारभर वाचते. मागून उजेड डोळ्यात येत नाही, कागदासारखाच बाहेरचा उजेड पडून दिसतं, त्यामुळे फोनइतका त्रास होत नाही. मोठ्या अक्षरातली मराठी पुस्तकं दुकानात मागून बघा, किती दाखवतात ते.

डीटीपीवाला_दादर:
दोघांचंही पटतं पण मूळ अडचण कुणी बोलत नाहीये, ती मराठीची आहे. मी वीस वर्षं पुस्तकं जुळवतोय. नव्वदच्या दशकापासून आमच्या धंद्यात ज्या फाँटमध्ये काम झालं ते युनिकोड नव्हते, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरं त्यात नव्हती. स्क्रीनवर 'क' दिसायचा पण फाइलमध्ये त्या जागी इंग्रजी अक्षर नाहीतर भलतंच चिन्ह. आता तीच फाइल ई-बुकसाठी बदलायला घेतली की रफार उडतात, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे तीनशे पानांचं प्रूफ परत पहिल्यापासून वाचायचं. वर्षाला दोनशे प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी हा खर्च कोण करणार? आणि त्याच्या आधीची, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली पुस्तकं, त्यांची तर फाइलच नाही.

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली, तेव्हापासून नवी बरीच येतात. पण तुमच्या सासऱ्यांनी साठ-सत्तर साली घेतलेली? बहुतेक नसणार. असली तर स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे पानाचा फोटो. सहा इंची स्क्रीनवर तो फोटो बारीक होतो, अक्षर मोठं करायला गेलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते, प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. त्यामुळे वाचनालयाला द्यायच्या आधी एकेक नाव शोधून बघा. इंग्रजी कादंबऱ्या बिनधास्त द्या, त्या कुठेही मिळतील.

घणसोली_शेअरिंग:
मी चार वर्षांत पाच घरं बदलली. दरवेळी टेम्पोवाला पुस्तकांचे खोके बघून भाडं वाढवतो आणि घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, फळी कुठे लावू? फळीवर प्रेम करायला आधी स्वतःची भिंत लागते. माझ्याकडे दीडशे पुस्तकं आहेत आणि ती सगळी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतात, नसती मावली तर मी वाचतच नसतो.

शाळेतल्या_बाई:
घणसोलीकर, तुमचं अगदी मान्य, पण ताईंच्या घरात मूल आहे का हे विचारायला हवं. माझ्या भाचीने आठवीत असताना आमच्या फळीवरून चिं. वि. जोशींचं पुस्तक आपणहून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, पाठीवरचं नाव गमतीशीर वाटलं म्हणून काढलं, आणि रात्री एकटीच हसत बसली होती. चिं. वि. १९६३ ला गेले, म्हणजे २०२४ पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी खुलं आहे, यंत्रावर फुकट घेता येईल. पण तिने शोधलं असतं कशाला? नावच माहीत नव्हतं. माझ्या ई-रीडरमध्ये काय आहे हे माझ्या घरात कुणालाही ठाऊक नाही, पासवर्ड माझा, यंत्र माझ्या पर्समध्ये. फळी मात्र येणाजाणाऱ्या सगळ्यांना दिसते. वर्गात मला तीन मुलं हटकून भेटतात ज्यांनी घरात पडलेलं पुस्तक हाताला लागलं म्हणून वाचलं.

घणसोली_शेअरिंग:
बाई, आमच्या घरात एकही पुस्तक नव्हतं. वडिलांनी महिन्याची वर्गणी भरून वाचनालयात नाव घातलं, दिवाळी अंक तिथूनच घरी यायचे. मूल वाचायला लागतं ते कुणीतरी हात धरून नेलं की. घरची फळी आमच्यासारख्यांच्या नशिबात नव्हती, म्हणून पुस्तकं वाचनालयात गेली तर मला आनंदच आहे.

डीटीपीवाला_दादर:
वाचनालयाला द्यायची असली तर थेट खोके घेऊन जाऊ नका, आधी नाव, लेखक, साल अशी यादी पाठवा. जागा त्यांच्याकडेही नसते, ज्याच्या चार प्रती आहेत ते घेत नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. इतक्या जुन्या संस्थांकडे नेहमीची पुस्तकं असणारच, तुमच्याकडे वेगळं काय आहे तेच ते बघतील.

लालबागवाली:
सगळ्यांचे आभार, आठवडाभर हेच चाललं होतं. डीटीपीवाल्या दादांनी सांगितलं म्हणून सासऱ्यांची पन्नास नावं शोधली, धड वाचता येतील अशी पंधराही मिळाली नाहीत. इंग्रजी आणि माझ्या परीक्षांची पुस्तकं मिळून अडीचशे निघाली, ती देतेय.

पण यादी करताना एक गोष्ट दिसली, इतकी वर्षं घरात असून बघितलीच नव्हती. सासरे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख आणि किंमत लिहायचे. तारखेने लावत गेले तर दर महिन्याला एक, कधी दोन. मग डिसेंबर १९८१ आणि त्यानंतर काहीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढची तारीख एकदम १९८६ ची, किंमत तीन रुपये, खाली 'जुने' असं लिहिलेलं. नवऱ्याला दाखवलं तर तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला की त्या चार वर्षांत बाबा आधीचीच पुस्तकं परत परत वाचायचे, मला वाटायचं आवडतात म्हणून.

सासऱ्यांची एकही देणार नाहीये. बदलापूरला हॉलची एक अख्खी भिंत त्यांना देतोय. ट्रेनमध्ये ई-रीडर राहीलच, त्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही.

किंग्जसर्कल_फुटपाथ:
ताई, भिंत कमी पडली तर सांगा, माझ्याकडे एक लोखंडी रॅक पडून आहे, माटुंग्याहून उचलायचं तेवढं बघा.

कालिना_तळमजला:
मी अजूनही म्हणते की इतकी नेऊ नका, पण नेतच असाल तर ऐका. उल्हास नदीच्या बाजूला तळमजला अजिबात घेऊ नका, जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती तो हाच पट्टा. रॅकचा खालचा कप्पा रिकामा ठेवा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे ओल चढणार नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवा, पण कपड्यात बांधून, नुसत्या ठेवल्या तर कागदावर डाग पडतात. आणि ती पहिली पानं आजच्या आज फोनवर फोटो काढून ठेवा, सगळी.